एका धुऱ्यापासून सुरुवात : नागपूरच्या आसपास लहान सस्तन प्राण्यांचा अभ्यास कसा करायचा

कळमेश्वरकडे जाताना रस्त्यालगत एकमेकांना लागून दोन वावरं आहेत. दोन्हींत सोयाबीन, दोन्हींची माती काळी. एकाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरी, बाभळी, कुसळी गवत आणि मधूनच एखादा पळस. दुसऱ्याचा धुरा दरवर्षी तणनाशक मारून उघडा ठेवलेला. गेली सहा वर्षं मी या दोन धुऱ्यांवरून चालतो आहे. पहिल्यावर तीन-चार जातींच्या उंदरांच्या खुणा मिळतात, चिचुंद्रीचा वास येतो, मुंगूस आडवं जातं आणि वर एका जागी पंख फडफडवत थांबलेली कापशी घार दिसते. दुसऱ्यावर जवळजवळ फक्त घूस, आणि तीही भरपूर. ज्या शेतकऱ्याने उंदरांचा बंदोबस्त म्हणून धुरा साफ केला, त्याच्याच सोयाबीनचं नुकसान जास्त होतं असं मला वर्षानुवर्षं दिसत आलंय. दोन धुऱ्यांवरून नियम मांडता येत नाही, हे खरं. पण प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारायला तुमच्याकडे पिंजरे, पदवी किंवा वाघाचं जंगल असावं लागत नाही.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे : प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, शेतकरी, शिक्षक, पक्षी बघताना जमिनीकडेही लक्ष जाऊ लागलेले लोक. लहान सस्तन प्राणी म्हणजे इथे मुख्यतः उंदीर, घुशी, चिचुंद्री आणि खारी. वटवाघळांचा अभ्यास वेगळ्या पद्धतीने होतो, म्हणून ती बाजूला ठेवली आहेत.

आधी जागा ठरवा, तीही छोटी

नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे मोठी जागा घेणं. गोरेवाडा, अंबाझरी, पेंच, सगळंच बघायचं असतं. मग प्रत्येक ठिकाणी एकदा जाणं होतं आणि हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा घरापासून अर्ध्या तासावर, वर्षभर जाता येईल अशी शंभर मीटरची एक रेघ धरा. आणि तिच्या जोडीला दुसरी एक, जी एकाच बाबतीत वेगळी असेल. झाडोऱ्याचा धुरा आणि साफ केलेला धुरा. संत्र्याची बाग आणि तिच्या शेजारचं पडीक. झुडपी जंगल आणि त्याला लागून असलेला लेआउट.

झुडपी जंगलाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण ते आपल्या पूर्व विदर्भाचं खास प्रकरण आहे. मुरमाड, उथळ मातीची, काटेरी झुडपांची, पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारायची ही जमीन. महसुलाच्या कागदावर तिला कोणी जंगल मानेना, शेतकरी तिला शेत मानेना. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच समजावी असा निकाल दिला. वाघाच्या नजरेने बघाल तर तिथे काही नाही. पण गवताच्या बुंध्यांमधून गेलेले बोटभर रुंदीचे बोगदे दिसू लागले की हीच जमीन गजबजलेली वाटते. नागपूरच्या चारी बाजूंनी शहर वाढतंय आणि सगळ्यात आधी याच तुकड्यांवर मुरूम पडतो. तुम्हाला कुठे सुरुवात करावी ते सुचत नसेल, तर घराजवळचा असा एक तुकडा निवडा, ही माझी आग्रहाची विनंती.

जागा निवडताना मातीकडे बघाच. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या अगदी पूर्व कडेवर वसलंय. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडे काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी माती. पूर्वेला मौदा-रामटेककडे खडक बदलतो, माती बदलते, धानाच्या बांध्या सुरू होतात. बिळात राहणाऱ्या प्राण्याला माती म्हणजे घराची भिंत. काळ्या मातीची भेग ही मऊ केसांच्या शेतउंदराला आयती मिळालेली खोली असते. जर्बिल या उड्या मारत जाणाऱ्या उंदराला मात्र हलकी, पोकळ, पाण्याचा निचरा होणारी जमीन आवडते. म्हणून काळ्या मातीचा एक धुरा आणि रेताड मातीचा दुसरा घेऊन तुलना करू नका. फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

परवानगी आणि अंगाची काळजी

शेतात जायचं तर मालकाला विचारा, आणि नुसतं विचारून थांबू नका, काय बघताय ते समजावून सांगा. "उंदीर मोजायला आलो" म्हटल्यावर आधी हसतील, मग बिळं कुठे आहेत ते तुमच्यापेक्षा चांगलं दाखवतील. सोंगणीला येणाऱ्या बायांना कोणत्या कोपऱ्यात घुशींनी धान्य साठवलंय ते अचूक माहीत असतं.

वनक्षेत्रात नुसतं चालायलाही परवानगी लागू शकते, आणि प्राणी पकडायचा असेल तर लेखी परवानगी हवी. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये शिकार या शब्दाच्या व्याख्येतच सापळा लावणं येतं. संशोधनासाठीची परवानगी कलम १२ खाली मिळते. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय, वनभवन, आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, ही नागपूरकरांची सोय. आणखी एक. जुन्या पुस्तकांत साधे उंदीर पाचव्या अनुसूचीत, उपद्रवी प्राण्यांत दिलेले असतात. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. त्यामुळे जुनी यादी दाखवून "उंदीर चालतात" असं कोणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

तब्येतीचा भाग कृपा करून वरवर वाचू नका. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती. उंदरांच्या अंगावर आणि गवतात राहणाऱ्या अतिसूक्ष्म माइट नावाच्या किड्याच्या पिल्लांच्या चाव्यातून तो होतो. म्हणजे आपण जिथे काम करणार, नेमकी तीच जागा. पूर्ण बाह्या, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, घोट्याच्या वरपर्यंत बूट. गवतावर बसायचं नाही, पिशवी टेकवायची नाही. घरी आल्याबरोबर कपडे धुवायला, अंगावर साबण. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "मी गवतात, उंदरांच्या जागी काम करतो" हे आपणहून सांगा, आणि काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली छोटी काळी खपली दिसते का ते तपासा. वेळेत ओळखलं तर औषध साधं आहे, उशीर झाला तर जिवावर बेततं. बांध्यांतल्या साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो, पायाला जखम असेल तर त्या दिवशी जाऊ नका.

बिळात हात घालायचा नाही. कधीच नाही. उंदराने सोडलेल्या बिळात नाग असतो, घोणस असते. हातभर काठी सोबत ठेवा.

कोण कोण असतं ते ओळखा

चिचुंद्री उंदीर नव्हे, इथून सुरुवात करा. ती कीटकभक्षी गटातली. लांब हलतं नाक, बारीक डोळे, कस्तुरीसारखा उग्र वास, आणि शेपटीवर विरळ लांब केस. पिल्लं एकमेकांच्या शेपटीच्या मुळाला धरून आईच्या मागे आगगाडीसारखी चालतात. हे एकदा तरी पाहायला मिळो. घरात ती झुरळं खाते, आणि तरी उंदीर समजून मारली जाते.

खऱ्या उंदरांत घूस सगळ्यांना माहीत असते : जाड, काळपट, चिडकी, बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. धानाच्या आणि गव्हाच्या भागात तीच जास्त. जर्बिलचे डोळे मोठे, पोट पांढरं, शेपटी अंगापेक्षा लांब आणि टोकाला काळसर केसांचा झुपका. रात्री टॉर्चच्या उजेडात उड्या मारत जातो. मऊ केसांचा शेतउंदीर नावाप्रमाणे मऊ, राखाडी-तपकिरी. शेतातला सगळ्यात छोटा उंदीर दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हातात घेतला तरी वजन जाणवत नाही. लांब शेपटीचा झाडउंदीर झुडपांत आणि झाडांवर फिरतो, जमिनीवर शोधून सापडत नाही.

माझ्या आवडीचा मात्र बुश रॅट. शास्त्रीय नाव गोलुंडा इलिओटी. गोल डोकं, आखूड शेपटी, पिवळसर-तपकिरी ठिपकेदार खरबरीत केस. हा सहसा खोल बीळ करत नाही. गवत आणि काड्यांचा चेंडूसारखा गोल घरटा झुडपात किंवा गवताच्या गचपणात बांधतो, आणि तिथून गवताखालून स्वतःच्या वाटा पाडतो. धुरा जाळला किंवा साफ केला की सगळ्यात आधी तो दिसेनासा होतो. म्हणून माझ्यापुरता धुऱ्याचा कस पाहायचा हाच प्राणी. घूस कुठेही राहील, गोलुंडा राहील तिथे गवत टिकलेलं आहे.

फोटोवरून जात ठरवायची घाई करू नका. लहान उंदरांच्या काही जाती तज्ज्ञांनाही कवटी पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. वहीत "लहान उंदीर, जात अनिश्चित" असं लिहिणं हे चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

बिळं मोजा

आता प्रत्यक्ष काम. पकडापकडीशिवाय सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे चालू बिळांची मोजणी. शंभर मीटरच्या रेघेवर संध्याकाळी चाला. दोन्ही बाजूंना एक-एक मीटरमधली सगळी बिळं शोधा, प्रत्येकाशेजारी रंगीत चिंधी बांधलेली काडी रोवा आणि तोंड मातीने हलकंच बुजवा. ठेचून नाही, नुसतं झाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली किती उकरून उघडली ते मोजा. उघडलेली ती चालू. चाळीस बुजवली आणि बारा उघडली तर वहीत दोन्ही आकडे लिहा, नुसते बारा नाही.

बिळांचा आकडा म्हणजे प्राण्यांचा आकडा नव्हे. घुशीच्या एका घराला अनेक तोंडं असतात आणि आत बहुतेक वेळा एकच मोठी घूस, किंवा पिल्लांसह मादी. जवळजवळची, ताजी माती टाकलेली तोंडं एकत्र धरून "एक घर" अशी वेगळी नोंद करा. दोन्ही धुऱ्यांवर एकाच पद्धतीने मोजलंत तर तुलना खरी ठरते, तेवढं आपल्याला पुरे.

मौदा-रामटेककडच्या बांध्यांत खेकड्यांची बिळं नवख्याला हमखास फसवतात. पाण्याच्या कडेला, ओल्या चिखलाच्या गोळ्या किंवा गळपट्टीसारखी चिखलाची कड असेल तर तो खेकडा. उंदराच्या बिळाचं तोंड येण्याजाण्याने गुळगुळीत झालेलं असतं, जवळ लेंड्या, कुरतडलेले दाणे किंवा कापलेली धांडं सापडतात.

याच्या जोडीला पावलांचे ठसे घ्या. एक जुनी फरशी, तिच्यावर चुलीची चाळलेली राख पातळ पसरायची, मधे चिमूटभर भाजलेले शेंगदाणे, वर अर्धा कापलेला पाइप किंवा वाकवलेला पत्रा म्हणजे दव पडत नाही. सकाळी बघा. उंदराच्या पुढच्या पावलाला चार बोटं उमटतात, मागच्याला पाच. चिचुंद्रीच्या पुढच्या पावलालाही पाच. एवढ्या एका खुणेवर दोन गट वेगळे होतात. ठशाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा.

घुबडाच्या गोळ्या

कोणाला एकच गोष्ट करायची असेल तर मी ही सांगेन. गव्हाणी घुबड उंदीर बहुतेक अख्खा गिळतं, आणि न पचलेली हाडं आणि केस यांची गोळी करून तोंडातून बाहेर टाकतं. जुन्या विहिरी, धान्याची गोदामं, पाण्याच्या टाक्या, शहरातल्या दगडी इमारतींचे कोनाडे, यांच्या खाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले की जमिनीवर अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या शोधा. घुबडाने रात्रभर आपल्यासाठी सापळे लावलेत असंच समजा, आणि एकाही प्राण्याला आपण हात न लावता. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर मात्र जवळ जायचं नाही.

मास्क आणि हातमोजे घालूनच गोळ्या उचला. कागदाच्या पाकिटात, तारीख आणि जागा लिहून. कडक उन्हात चांगल्या वाळवा. मग कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने हळू उलगडा. कवटी आणि जबडे वेगळे काढा, बाकीची हाडं सुरुवातीला सोडून द्या. उंदराच्या तोंडात एकूण सोळा दात : पुढे नारिंगी पटाशीचे, मग मोठी रिकामी जागा, मग दाढा. चिचुंद्रीचे तीस, एकाला एक लागून, सगळे टोकदार. वरच्या पटाशीच्या दातावर उभी खाच दिसली तर तो जर्बिल किंवा गोलुंडा असण्याची शक्यता, आणि तिथून पुढे दाढांची रचना पाहायला प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे न्या. महाविद्यालयांत या कामात रस असलेली माणसं असतात, वाळलेल्या कवट्यांची डबी घेऊन गेलेल्याला सहसा कोणी परत पाठवत नाही.

संख्या मोजताना कवट्याच मोजा. जबड्याचा डावा आणि उजवा भाग वेगळा मोजून एका उंदराचे दोन करू नका. पिंगळ्याच्या गोळ्याही मिळतील, पण त्यांत किड्यांचे पंख आणि पाय जास्त असतात.

या गोळ्यांतून शेतकऱ्याशी बोलायला एक आधार मिळतो. तुमच्या गोदामावरचं घुबड महिन्याभरात काय खातं ते कवट्या मांडून दाखवता येतं. आणि त्याच वेळी ब्रोमाडायोलोनसारख्या विषाचा विषय काढता येतो. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, सहज शिकार होतो. विष त्याच्या यकृतातून घुबडाच्या अंगात जातं. शेतकऱ्याला दोष देऊ नका, त्याचं ठिबकचं पाइप कुरतडलेलं असतं, शेंगा खाल्लेल्या असतात. तोटा खरा आहे. विष कधी, किती आणि कुठे टाकलं हे विचारून वहीत लिहा, ती नोंद पुढे फार उपयोगी पडते.

पिंजरे, पण एकट्याने नाही

जिवंत पकडून मोजायचं तर अनुभवी संशोधकासोबतच शिका. साधारण पद्धत अशी : दहा-दहा मीटरवर पिंजरे, आमिषाला शेंगदाणे किंवा भजी, सलग तीन रात्री. तीस पिंजरे तीन रात्री म्हणजे नव्वद सापळा-रात्री. त्यात नऊ प्राणी आले तर शंभर सापळा-रात्रींना दहा, अशी नोंद करायची, म्हणजे वेगवेगळ्या जागांची तुलना होते. खुणेसाठी पाठीवरचे थोडे केस कातरतात. पहिल्या फेरीत बारा खुणावून सोडले, दुसऱ्या फेरीत दहा मिळाले आणि त्यांतले चार खुणेचे, तर अंदाज बारा गुणिले दहा भागिले चार, म्हणजे तीस. हे गणित बरोबर यायला दोन फेऱ्यांमध्ये ये-जा, जन्म-मृत्यू फारसे नसावे लागतात.

माझ्या पहिल्या वर्षी, एप्रिलमध्ये, पिंजरे उचलायला आम्हाला साडेआठ वाजले. सूर्य वर आला होता आणि पत्र्याच्या पिंजऱ्यात दोन मऊ केसांचे शेतउंदीर मेलेले होते. चूक माझी होती, वेळ मी ठरवली होती. तेव्हापासून नियम असा : उजाडताच सगळे पिंजरे तपासलेले असले पाहिजेत, पिंजऱ्यावर गवताची सावली, थंडीत आत कापूस, आणि मार्चच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत पिंजरे बंद. आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या दिवसांत कोणत्याही आकड्यासाठी प्राणी पकडू नये.

रेघेबाहेर बघा

धुरा एकटा नसतो. उपग्रहाच्या नकाशावर तुमच्या रेघेभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढा आणि आत काय काय आहे ते रंगवा : पीक, बाग, पडीक, झुडपी, नाला, घरं, रस्ता. मग एक गोष्ट मोजा, जवळच्या न नांगरलेल्या गवताळ तुकड्यापर्यंत सलग धुऱ्याने जाता येतं का, की मधे उघडी जागा ओलांडावी लागते? बोटभर प्राण्याला वीस मीटरचा डांबरी रस्ता म्हणजे भरल्या नदीचं पात्र. दरवर्षी दिवाळीनंतर हा नकाशा पुन्हा रंगवा. शाश्वत शेती, शाश्वत भूदृश्य हे शब्द सभांमधून फार ऐकू येतात. मला ते या रंगवलेल्या कागदावर कळले : कोणत्या वर्षी कोणता हिरवा तुकडा पिवळा झाला आणि त्यानंतर गोलुंडाच्या वाटा कुठवर मागे सरकल्या.

वर्षाचं वेळापत्रक

महिन्यातून एकदा, शक्यतो अमावास्येच्या आसपास, कारण चांदण्या रात्री बरेच उंदीर उघड्यावर यायचं टाळतात. तारीख, चंद्र, पाऊस, पिकाची अवस्था, गवताची उंची, काय दिसलं, आणि काही दिसलं नसेल तर स्पष्ट शून्य. शून्य न लिहिल्यामुळे वाया गेलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. रिकामा रकाना म्हणजे गेलो नाही की मिळालं नाही, हे दोन वर्षांनी कोणाला आठवणार?

सोयाबीनची सोंगणी झाली की एका आठवड्यात धुऱ्यावरची चालू बिळं वाढतात, वावरातली मंडळी तिथे सरकलेली असतात. तो आठवडा चुकवू नका. तूर-कापूस उभा असेपर्यंत आसरा टिकतो, गहू-हरभरा निघाला की पुन्हा धुऱ्यावर गर्दी. मेमध्ये बिळं बुजवू नका, त्याऐवजी काळ्या मातीच्या भेगा मोजा, किती खोल, किती रुंद, कोणत्या भेगेच्या तोंडाशी ताज्या लेंड्या आहेत. हे काम मृगाच्या आधी उरकायला हवं. पहिल्या दोन मोठ्या सरींत माती फुगते आणि भेगा मिटतात. पाऊस उघडल्यावर त्याच रेघेवर पुन्हा चाला आणि कोणती चिंधी कुठे होती ते वहीतून बघून, कोण कुठे हललं ते लिहून घ्या.